एकाच उंचीवर इथे बर्फ आणि समोर उघडा डोंगर: हिमालयातल्या नदीखोऱ्यांत हे कशाने ठरते?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. यंदा एप्रिलच्या अखेरीस कुटुंबासह मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जाणे झाले. हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचे दक्षिणेकडचे तोंड समुद्रसपाटीपासून ३०६० मीटरवर, तर उत्तरेकडचे ३०७१ मीटरवर आहे. पलीकडे बाहेर पडल्यावर चंद्रा नदीच्या एका काठचा डोंगर थेट पात्रापर्यंत बर्फाने भरलेला दिसला. समोरच्या काठचा डोंगर मात्र तपकिरी आणि कोरडा होता. त्यावर बर्फ उरला होता तो केवळ घळींमध्ये आणि माथ्याजवळ. दोन्ही उतारांची उंची तीच, हवा तीच आणि मध्ये फक्त नदीचे पात्र.

उंचावर जावे तसतशी थंडी वाढते आणि थंडी वाढली की बर्फ टिकते, असे आपण शाळेत शिकलो. त्या नियमात हे दृश्य बसत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा की, एखाद्या नदीखोऱ्यात बर्फ कुठे साठणार आणि किती दिवस टिकणार, हे नेमके कशाने ठरते? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हिमाच्छादित क्षेत्र दोन वर्षी सारखेच असेल, तर नदीला उन्हाळ्यात येणारे पाणीही सारखेच असेल का? २०१६ साली आम्ही लातूरकर मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर जगलो, त्यामुळे पाणी कुठे साठते आणि कधी सुटते हा विषय आम्हाला परका नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तेरणा (धाराशिव)

प्रश्न फार चांगला आहे. इथे पारा बेचाळिसावर असताना हा धागा वाचायला मिळतो आहे, त्यामुळे उत्तरे जितकी लांब येतील तितकी बरी.

भूगोलमास्तर (परभणी)

मांजराकाठ, तुमच्या शाळेतला नियम चुकीचा नाही, तो अपुरा आहे. हवा सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने थंड होत जाते, आणि म्हणूनच बर्फाच्या बाबतीत उंची हा पहिला आधार मानावा लागतो. परंतु बर्फ साठण्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, आधी आभाळातून काहीतरी पडावे लागते. ते किती पडेल, हे डोंगररांग वाऱ्याच्या वाटेत कशी उभी आहे यावर अवलंबून असते.

पश्चिम हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या हवामान प्रणाली साधारण डिसेंबर ते मार्च या काळात काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांवर आदळतात. पीर पंजालसारखी पहिली उंच रांग आडवी आली की हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि तिच्यातले बाष्प बर्फाच्या रूपाने खाली येते. रांग ओलांडून गेलेल्या हवेत ओलावा कमी उरतो. लेह ३५०० मीटरवर असूनही तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते, त्याचे कारण हेच आहे. थंडीची तिथे काहीच कमतरता नाही.

पर्जन्यछाया म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोच मोसमी वारा सह्याद्री उतरून आपल्यापर्यंत येतो तेव्हा सातशे-आठशेवर आपली बोळवण होते. हिमालयात अशा रांगा एकामागे एक आहेत, त्यामुळे छायेच्या मागेही छाया आहे. लडाख आणि स्पीती ही त्या ओळीतली शेवटची घरे.

याचा परिणाम हिमरेषेवर उलटा दिसतो. आतल्या कोरड्या भागात थंडी अधिक असूनही कायमच्या बर्फाची रेषा दक्षिणेकडच्या ओल्या उतारांपेक्षा बरीच वर असते, कारण जे थोडेसे पडते ते निरभ्र आकाशाखाली लवकर संपते.

माजी सुभेदार (बीड)

मास्तरांनी लिहिलेले मी पायाखाली पाहिले आहे. माझी नोकरी द्रासच्या बाजूला झाली. झोजी ला ही खिंड ३५२८ मीटरवर आहे. तिच्या अलीकडे सोनमर्गला ज्या आठवड्यात कमरेइतके बर्फ असे, त्याच आठवड्यात लेहमध्ये बूटही पुरते बुडत नसत.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, ती म्हणजे वारा. बर्फ जिथे पडते तिथेच राहते, हा समज मैदानातल्या माणसाचा असतो. आमच्या चौकीजवळच्या धारेवर वाऱ्याच्या बाजूला ऐन जानेवारीत उघडा खडक दिसायचा, कारण रात्रभराचा वारा तिथले सुके बर्फ उचलून पलीकडे नेऊन टाकायचा. पलीकडच्या बाजूला धारेच्या कडेवरून बर्फाचे छज्जे बाहेर लोंबत असत. वरून ते भक्कम जमिनीसारखे दिसतात आणि त्यांच्या खाली पोकळी असते. नव्या जवानाला पहिला धडा याच छज्ज्यांचा मिळे की, धारेच्या कडेला कधी पाऊल टाकायचे नाही आणि काठीने चाचपल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. घळीत तर माणूस उभा बुडेल इतका साठा होई, आणि दहा पावलांवरच्या उंचवट्यावर गवताची सुकलेली काडी दिसे. दोन्ही जागी बर्फ सारखेच पडलेले असे.

ताजे बर्फ पडल्यानंतर ऊन आले की सूर्याकडे तोंड असलेल्या उतारांखालून जाण्यास मनाई असे. हालचाल करायची ती पहाटे, बर्फ घट्ट गोठलेले असताना.

नकाशावाचक (छत्रपती संभाजीनगर)

मी दूरसंवेदनाची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याच्या शास्त्राची विद्यार्थिनी आहे. सुभेदारकाकांच्या शेवटच्या मुद्द्यातच चंद्रा नदीच्या दोन काठांचे उत्तर आहे, म्हणून तो थोडा आकड्यांत मांडते.

लाहौल साधारण ३२.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंशच वर येतो. आता ३५ अंशांचा एक उतार उत्तरेकडे तोंड करून आहे असे धरा. त्यावर मध्यान्हीलाही थेट ऊन पडत नाही, कारण डोंगर स्वतःच्याच सावलीत असतो. तितकाच उतार दक्षिणेकडे तोंड करून असेल, तर किरण त्यावर सुमारे ६९ अंशांच्या कोनात, म्हणजे बरेच सरळ पडतात. सपाट जमिनीला त्या वेळी जितकी उष्णता मिळते, त्याच्या दीडपटीहून अधिक या उताराला मिळते. नदीच्या दक्षिणेकडच्या काठचा डोंगर उत्तरेला तोंड करून असतो, म्हणून त्यावर बर्फ पात्रापर्यंत राहते. समोरच्या काठचा डोंगर हिवाळाभर ऊन खात असतो.

त्यात आणखी एक चक्र सुरू होते. ताजे बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत फेकते. एखाद्या ठिकाणी ते वितळून खडक उघडा पडला की तो गडद खडक ऊन शोषून तापतो आणि आजूबाजूचे बर्फही वितळवू लागतो. म्हणून दक्षिणमुखी उतार एकदा उघडा पडू लागला की फार झपाट्याने रिकामा होतो. बर्फावर धूळ किंवा काजळी बसली तरी हेच घडते, आणि थरच्या वाळवंटातली धूळ वसंत ऋतूत पश्चिम हिमालयापर्यंत पोहोचते.

गोदातीर (नांदेड)

माहिती उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु मला एक रास्त शंका मांडायची आहे. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि तिच्या संपूर्ण खोऱ्यात बर्फाचा कणही पडत नाही. जायकवाडी भरते ती नाशिक-नगरकडच्या पावसाने. असे असताना मराठवाड्यातल्या लोकांनी हिमालयातल्या उतारांची दिशा अभ्यासण्यापेक्षा आपल्या पाणलोटाची चर्चा करणे अधिक गरजेचे नाही का?

मोसंबी_बाग (जालना)

गोदातीर भाऊ, पाणलोटाची चर्चा व्हायलाच हवी. तरीही या बर्फाचा आपल्याशी काहीच संबंध नाही, हे मला पटत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने जे केले ते कोणता शेतकरी विसरेल? माझ्या बागेत झाडाखाली फळांचा आणि गारांचा खच एकत्र पडला होता. उत्तरेला बर्फ देणारे पश्चिमेकडचे ते वरच्या थरांतले वारे त्या वेळी नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेपर्यंत उतरले होते आणि समुद्रावरून आलेल्या दमट हवेशी त्यांची गाठ पडली होती, असे तेव्हा हवामान अभ्यासकांनी समजावून सांगितले होते. मास्तरांना माझा प्रश्न असा आहे की, हिमालयात बर्फ अधिक पडले तर आपला पाऊस कमी होतो, असे जुने लोक म्हणत. त्यात तथ्य आहे का?

भूगोलमास्तर (परभणी)

मोसंबी_बाग, हे मत लोकांच्या बोलण्यात आले ते विज्ञानाच्या वाटेने. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाचा अंदाज आधी मिळावा अशी गरज भासू लागली. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की, हिमालयात वसंतापर्यंत बर्फ भरपूर आणि उशिरापर्यंत राहिले, तर त्या वर्षी देशात कोरडे वारे आणि अवर्षण यांची शक्यता वाढते. त्याच आधारावर १८८६ साली पहिला दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याकडच्या मोसमी अंदाजाची सुरुवातच हिमालयातल्या बर्फाच्या नोंदींपासून झाली.

त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. बर्फ ऊन परत फेकते, आणि जे ऊन शोषले जाते त्यातले बरेचसे बर्फ वितळवण्यात खर्च होते, त्यामुळे जमीन तापायला उशीर होतो. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हाच मोसमी वाऱ्यांचा आधार असल्याने वारे मंदावतात. मात्र हा संबंध दरवर्षी टिकून राहत नाही. पुढच्या काळात तो कमकुवत झालेला आढळला, आणि आज अंदाज बांधताना एल निनोसारख्या सागरी घटकांना बरेच अधिक वजन दिले जाते. म्हणून त्याकडे अनेक कारणांपैकी एक कारण म्हणून पाहावे, पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये.

गोदातीर (नांदेड)

मास्तर, १८७७ चा दुष्काळ आणि हिमालयातले बर्फ यांची अशी सांगड असेल याची मला कल्पना नव्हती. चर्चा चालू ठेवावी, मी वाचतो आहे.

नकाशावाचक (छत्रपती संभाजीनगर)

भूगोलमास्तर सर, एका मुद्द्यावर मी आदरपूर्वक वेगळे मत मांडते. आपण उंचीला पहिला आधार म्हटले. माझ्या मते खोऱ्याचा विचार करताना उंचीपेक्षा, कोणत्या उंचीवर किती जमीन आहे, हे आधी पाहायला हवे.

समजा तापमान १ अंशाने वाढले. सरांनी दिलेल्या दराने शून्य अंशाची रेषा साधारण १५० मीटर वर सरकेल. एखाद्या खोऱ्याची बहुतांश जमीन नेमकी त्या पट्ट्यात, रुंद आणि मंद उताराची असेल, तर तिथे पूर्वी बर्फ म्हणून पडणारे पाणी आता पाऊस म्हणून पडेल आणि लगेच वाहून जाईल. शेजारच्या खोऱ्यात त्याच पट्ट्यात उभे कडे असतील, तर नकाशावर त्यांचे क्षेत्र नगण्य असते आणि फरक फारसा जाणवत नाही. काराकोरममधल्या खोऱ्यांची खूप मोठी जमीन फार उंचावर आहे, म्हणून त्यांचे वागणे पीर पंजालच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यांपेक्षा वेगळे असते. हवामान तेच बदलले, तरी भूरूप वेगळे असल्याने उत्तर वेगळे मिळते.

भूगोलमास्तर (परभणी)

आपले म्हणणे योग्य आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. एका ठिकाणाचा प्रश्न असेल तर उंची, संपूर्ण खोऱ्याचा असेल तर उंचीनुसार जमिनीची वाटणी, असे म्हणू या. पूर्व हिमालयाचे उदाहरण मात्र यात जोडावे लागेल. तिथे हिवाळा तुलनेने कोरडा असतो आणि उंच शिखरांवरचे बरेचसे बर्फ पावसाळ्यातच पडते. म्हणजे साठण्याचा आणि वितळण्याचा हंगाम एकच. तिथे उन्हाळ्यातले तापमान थोडे वाढले तरी दुहेरी फटका बसतो, कारण वितळणे वाढते आणि त्याच वेळी पडणारे बर्फ पावसात बदलते.

पूर्णामाय (हिंगोली)

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. उपग्रहाला बर्फ आणि ढग यांतला फरक कसा कळतो? दोन्ही तर पांढरेच दिसतात.

नकाशावाचक (छत्रपती संभाजीनगर)

पूर्णामाय, डोळ्यांना दोन्ही पांढरे दिसतात हे खरे. परंतु अवरक्त किरणांच्या एका पट्ट्यात बर्फ जवळजवळ काळे दिसते, तर ढग तिथेही उजळ राहतो. हिरव्या प्रकाशातले आणि त्या अवरक्त पट्ट्यातले परावर्तन यांची तुलना करून एक निर्देशांक काढतात, आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ती जागा बर्फाची मानतात. टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस उपकरण २००० सालापासून अशा नोंदी देत आले आहे. त्याचा एक ठिपका साधारण ५०० मीटरचा असतो. म्हणजे सुभेदारकाकांची भरलेली घळ आणि दहा पावलांवरचा उघडा उंचवटा, दोन्ही त्या एकाच ठिपक्यात मावतात. दाट देवदाराखालचे बर्फही वरून नीट दिसत नाही, आणि ज्या दिवशी बर्फ पडत असते त्या दिवशी ढग असतातच. म्हणून आठ-आठ दिवसांची चित्रे एकत्र करून नकाशा तयार करतात.

माजी सुभेदार (बीड)

पूर्णामाय बेटा, परीक्षेसाठी आणखी एक उदाहरण देतो. लडाखमध्ये शेतकऱ्याला पाणी लागते एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीला. उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी ओढ्याला येते जून-जुलैमध्ये. मधले दोन महिने कोरडे जातात. चेवांग नोर्फेल या निवृत्त अभियंत्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाच्या वरच्या बाजूला, सावलीच्या घळीत वळवले आणि लहान बांधांमागे थरांवर थर गोठवले. जागा गावाजवळ आणि हिमनदीपेक्षा कमी उंचीवर असल्याने ते बर्फ नेमके पेरणीच्या वेळी वितळते. या कामासाठी त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढे बर्फाचे स्तूप उभारले. वरून नळाने पाणी आणून ते कारंज्यासारखे उडवायचे आणि उडताना गोठू द्यायचे. शंकूच्या आकारामुळे साठा मोठा होतो आणि उन्हाला मिळणारा पृष्ठभाग त्या मानाने कमी राहतो. बर्फ कुठे टिकते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनीच हे करून दाखवले.

मोसंबी_बाग (जालना)

सुभेदार साहेब, हे वाचून समाधान वाटले. शेततळ्याचा विचार आणि हा विचार एकाच जातीचा आहे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पूर्ण मिळाले. दुसरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. क्षेत्र सारखे असेल, तर पाणी सारखे असेल का?

नकाशावाचक (छत्रपती संभाजीनगर)

नसेल. नकाशा बर्फ कुठवर पसरले आहे ते सांगतो, त्यात पाणी किती आहे ते सांगत नाही. ताज्या हलक्या बर्फाचा १ मीटर थर वितळला तर ५ ते १० सेंटिमीटर पाणी मिळते. तोच १ मीटर थर हिवाळाभर दबून जुना झालेला असेल, तर ३० ते ४० सेंटिमीटर मिळू शकते. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातले जेम्स चर्च हे लॅटिनचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते माउंट रोझ पर्वतावर पोकळ नळी बर्फात खुपसून भरलेल्या नळीचे वजन करीत, कारण खोली मोजण्यापेक्षा वजन मोजणे खरे हे त्यांनी ओळखले होते. बर्फातले पाणी मोजण्याची ती पद्धत मूळ स्वरूपात आजही वापरतात.

बर्फ केव्हा पडले यावरही बरेच अवलंबून असते. डिसेंबर-जानेवारीत पडलेले बर्फ थंड आणि कोरडे असते, त्यावर पुढचे थर बसत जातात आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरते. मार्चच्या अखेरीस पडलेले ओले बर्फ नकाशावर तितकेच क्षेत्र झाकते, पण काही दिवसांत वाहून जाते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कोरडे पडल्याची छायाचित्रे आपण पाहिली. तिथे नंतर बर्फ पडले, तरी थर बसण्याचे महत्त्वाचे आठवडे निघून गेले होते. म्हणूनच काठमांडूची इसिमोड संस्था बर्फ जमिनीवर किती काळ टिकले याचा हिशेब ठेवते. त्यांच्या २०२५ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालय प्रदेशात हा काळ नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होता, आणि २३ वर्षांतला तो नीचांक होता.

भूगोलमास्तर (परभणी)

यात मी नद्यांचे आकडे जोडतो. भारतीय जलशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्याचा वार्षिक प्रवाहातला वाटा भाक्र्यापाशी सतलजमध्ये सुमारे ५९ टक्के, अखनूरपाशी चिनाबमध्ये सुमारे ४९ टक्के, तर देवप्रयागपाशी गंगेत सुमारे २९ टक्के आहे. गंगेचा आकडा कमी दिसतो म्हणून तिच्या खोऱ्यात बर्फ कमी, असा निष्कर्ष काढू नये. तिथे मोसमी पाऊस इतका होतो की एकूण प्रवाहात बर्फाचा वाटा लहान ठरतो. सतलजचे वरचे खोरे तिबेट आणि स्पीतीच्या छायेत आहे, तिथे पाऊसच फार थोडा, म्हणून तुलनेने थोड्या बर्फावरही नदीचा मोठा भार पडतो. बर्फाचा हंगाम बिघडला तर आधी झळ बसते ती अशा कोरड्या खोऱ्यांना, आणि त्यातही मे-जूनमध्ये, पाऊस पोहोचण्याआधी.

पूर्णामाय (हिंगोली)

मग नकाशा पाहायचाच असेल, तर तो कोणत्या महिन्याचा पाहावा?

नकाशावाचक (छत्रपती संभाजीनगर)

एका महिन्याचा पाहून भागणार नाही. फेब्रुवारीच्या अखेरीचा पाहा, त्या सुमारास पसारा सर्वांत मोठा असतो. नंतर मेच्या मध्याचा पाहा, आणि दोन्हींवर ५००-५०० मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) टाकून प्रत्येक पट्ट्यात किती बर्फ उरले ते वेगवेगळे मोजा. वितळणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधणारेही खोऱ्याचे असेच पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यातले तापमान शून्याच्या वर किती अंश व किती दिवस राहिले, यावरून पाणी काढतात. उत्तरमुखी आणि दक्षिणमुखी उतार वेगळे काढता आले तर अधिक चांगले. चंद्रा खोऱ्यासाठी मी असा तक्ता करते आहे, पूर्ण झाला की याच धाग्यावर देईन.